भट्टीमागची वीट

कुलथे सरांनी उभा जन्म मुलांना उष्णता शिकवली. पण ऊब म्हणजे काय, ते त्यांना कळलं बायको गेल्यावर. आणि तेही एका भिंतीकडून.

निफाडच्या बाजूला बोरठाण म्हणून गाव आहे. द्राक्षांचं. तिथली थंडी म्हणजे थट्टा नव्हे. पहाटे बागांमधून शेकोट्या पेटवाव्या लागतात, नाहीतर घडातले मणी तडकतात. त्यात अलीकडे हवामानाचं तंत्रच बिघडलेलं. उन्हाळा आला की अंगाची काहिली, हिवाळा आला की दवाचा बर्फ, मधलं म्हणून काही उरलंच नाही. या गावात जुन्या बाजारामागे भिंतीला भिंत लागलेल्या घरांची एक गल्ली आहे. तिच्या टोकाला कुलथे सर राहत. त्र्यंबक कुलथे, शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे मास्तर. मुलगी ऋजुता बंगळुरात. घरात सर, एक जुना रेडिओ आणि मालतीबाईंचा फोटो.

आणि भिंतीपलीकडे गोदाबाई साटोटे.

गोदाबाईंची फुटाण्यांची भट्टी होती, सासऱ्यांच्या वेळची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, पण भट्टी काही विझू दिली नाही बाईंनी. पहाटे लाकडं सारायची, कढईतली वाळू तापवायची, तीत भिजवून सुकवलेले हरभरे टाकायचे आणि लांब दांड्याच्या झाऱ्याने हलवत राहायचं. हरभरा तडतडला की चाळणीवर ओतून वाळू खाली, फुटाणे वर. कारखान्यातले पाकीटबंद फुटाणे गावात केव्हाच आले होते. तरी जिभेचे चोचले असणारे लोक अजून गोदाबाईंकडेच यायचे, कारण पुडी हातात पडायची ती गरम.

ही भट्टी नेमकी सरांच्या भिंतीला लागून होती. मालतीबाई होत्या तेव्हा त्यांचं तोंड सुरू असायचं, "या भट्टीपायी माझी लोणच्याची बरणी ठेवायला एक धड कोपरा नाही." मालतीबाई गेल्या. त्या हिवाळ्यात एका दुपारी सदऱ्याचं बटण हरवलं म्हणून सर त्या कोपऱ्यात खाली बसले, शोधून दमले आणि सहज मागे टेकले. पाठीला भिंत ऊन लागली. बटण सापडलं नाही, पण सर संध्याकाळपर्यंत तिथून उठले नाहीत. महिनाभरात त्यांच्या अंगाला दुसऱ्या कशाची म्हणून ऊब लागलेली नव्हती.

तेव्हापासून तो नेमच झाला. जेवण झालं की पोत्याची घडी, वर जुनी चादर, शेजारी रेडिओ आणि पाठ भिंतीला.

सर पडले विज्ञानाचे. त्यांनी लगेच हिशेबही मांडला. वर्गात ते लोखंडी सळईवर मेणाने टाचण्या चिकटवून एक टोक दिव्यावर धरायचे. ज्योतीजवळची टाचणी आधी पडते, मग दुसरी, मग तिसरी. "सळईचा कण जागा सोडून कुठे जात नाही रे," ते सांगायचे. "जागेवरच थरथरतो आणि शेजारच्याला ढकलतो. शेजारचा त्याच्या शेजारच्याला. याला म्हणायचं वहन. गरमाकडून गाराकडे, आणि दोघं सारखे होईपर्यंत." लोखंडात हे झरझर होतं, विटेत मात्र रमतगमत. नऊ इंची भिंत ओलांडायला उष्णतेला पाच-सहा तास लागतात. म्हणून तर उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावर घरं उकडतात. "भिंत तुम्हाला आत्ताचं सांगत नाही," सर खडू उगारून म्हणायचे, "ती सकाळचं सांगते. लक्षात ठेवा, परीक्षेला येतं."

म्हणजे गोदाबाईंनी पहाटे पेटवलेली भट्टी सरांच्या पाठीला पोचायची दुपारी. भट्टी दुपारी विझली तरी भिंत दिवेलागणीपर्यंत ऊन असायची. सर मनात म्हणायचे, आहेत बाई.

एवढंच त्यांचं बोलणं. बाकी दोघंही एकटे, आणि गल्लीला जिभा फार. मालतीबाई गेल्यावर गोदाबाईंनी एकदा पिठलं-भाकरी आणून दिली होती. दुसऱ्या दिवशी समोरच्या ओट्यावरच्या बायकांनी एकमेकींकडे अशा काही नजरा टाकल्या की गोदाबाई पुन्हा सरांच्या उंबऱ्याशी आल्या नाहीत. सरही चारचौघांसारखे बाहेरूनच पुडी घेत आणि "काय गोदाबाई, बरं आहे?" एवढं विचारून परत फिरत.

असं सगळं सुरळीत चाललं असताना गावात लेप आला.

लेप घेऊन आला हर्षल निरगुडे, सरांचाच विद्यार्थी. वर्गात मागच्या बाकावर बसून डुलक्या काढणारा हा मुलगा आता लेपाचा ठेकेदार झाला होता. मुळात उष्णता अडवणारा हा लेप द्राक्षांच्या शीतगृहांसाठी निघाला होता. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की जे द्राक्षांना चालतं ते माणसांना का चालू नये? विजेची बचत म्हणून सरकारने अनुदान दिलं आणि घरोघरच्या भिंती रंगवायला सुरुवात झाली.

हर्षलने मारुतीच्या पारावर सगळ्यांना जमवलं. चुलीवर लाल झालेला तवा आणला, त्यावर लेप लावलेली पातळ फरशी ठेवली आणि म्हणाला, "सर, ठेवा हात."

"अरे गाढवा, मास्तरचा हात भाजायचा बेत आहे का?"

"ठेवा तर सर."

सरांनी हात ठेवला. गरम नाही, गार नाही. काहीच नाही! सर लहान पोरासारखे हरखले. मग काय, त्यांच्यातला मास्तर जागा झाला आणि हर्षलला बाजूला सारून त्यांनीच पारावर तास घेतला. हे बघा, उष्णता म्हणजे कणांची थरथर. एका थराने दुसऱ्याला दिली तर ती पुढे सरकते. या लेपात कागदापेक्षा पातळ असे शेकडो थर आहेत आणि प्रत्येक दोन थरांमध्ये पोकळी, जिच्यात हवासुद्धा नाही. थर एकमेकांना टेकतात ते सुईच्या टोकाएवढ्या ठिकाणी, आणि तेही अशा बेताने की आलेली थरथर पुढे जाण्याऐवजी उलटी फिरते. थोडक्यात, कण आहेत पण कुणी कुणाला ढकलत नाही. आतली ऊब आत, बाहेरची थंडी बाहेर. माणसाच्या अंगातून शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर पडत असते. तेवढ्यावर अख्खी खोली उबदार राहील. शेगडी नको, हीटर नको.

गर्दीच्या कडेला गोदाबाई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आन् भट्टीच्या मागं लावला तर वो सर?"

"उत्तम! तुमची निम्मी उष्णता भिंतीत मुरून फुकट जाते. लेप लावलात तर ती वाळूतच राहील. लाकूड निम्म्यावर येईल."

"फुकट जाते व्हय," गोदाबाई म्हणाल्या. त्यांनी क्षणभर सरांकडे पाहिलं. "तुम्ही म्हनू राहिले तर लावते बाई."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ती फुकट जाणारी निम्मी उष्णता कुणाच्या पाठीला लागत होती, हे सांगायला पारावर कुणी नव्हतं. आणि ज्याला ठाऊक होतं तो भाषण देत होता.

हर्षलच्या माणसांनी आठवड्याभरात गल्ली उरकली. सरांच्या घरात चारी भिंतींना लेप लागला, गोदाबाईंच्या बाजूनेही लागला. उरलेला डबा हर्षलने सरांकडेच ठेवला, "कुठे खरवडलं तर लावा वरून, सर. हवा लागली की दहा मिनिटांत बसतो. झाकण मात्र घट्ट लावा, नाहीतर डब्यातच दगड होईल."

त्या दुपारी सर पोत्यावर बसले, रेडिओ लावला आणि मागे टेकले.

काहीच नाही.

भिंत गारसुद्धा नव्हती, हीच तर गोम होती. गार असती तर निदान तिच्यावर रागावता आलं असतं. थोड्या वेळाने पाठीला कोमट वाटायला लागलं, तेव्हा सरांचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. ती त्यांच्याच पाठीची ऊब होती. लेप ती घेत नव्हता, जशीच्या तशी परत करत होता. सर तिथे बराच वेळ बसले, स्वतःच्या अंगाची ऊब स्वतःलाच परत घेत. इतकं एकटं त्यांना मालतीबाईंच्या तेराव्याच्या रात्रीही वाटलं नव्हतं.

गल्लीचंही तेच झालं. पूर्वी थंडी पडली की कोपऱ्यावर शेकोटी पेटायची, म्हातारे कानटोप्या घालून भोवती बसायचे, भांडायचे, राजकारण करायचे. आता घरात सदऱ्यावर बसण्याइतकी ऊब. मग बाहेर कोण येतो कुडकुडायला? दारं लागली ती लागलीच. लेपाने आवाजही अडत होता. शेजारी भांडण झालं तरी कळेना, मग मिटवायला कोण जाणार? ओट्यावर नजरा टाकणाऱ्या बायकाही घरात गेल्या. सरांना त्यांचीसुद्धा आठवण यायला लागली, म्हणजे बघा.

ऋजुताचा फोन आला. "बाबा, आता घर छान उबदार असेल ना?"

"हो. एकदम."

"मग आवाज असा का?"

"अगं, घसा." सर म्हणाले. मुलीला काय सांगणार, की शेजारच्या बाईंची भिंत लागत नाही म्हणून करमत नाही? स्वतःशीसुद्धा ते वाक्य त्यांनी पुरतं म्हटलं नव्हतं.

सरांनी आपल्या बाजूचा हातभर लेप पत्र्याच्या तुकड्याने खरवडला. जुनी मातीतली भिंत. लेपाबरोबर गिलावाही आला आणि मागची एक वीट दातासारखी हलायला लागली. हात लावला तर भिंत गार, कारण पलीकडच्या बाजूला गोदाबाईंचा लेप होताच. आपण उघडून काय उपयोग? वहनाला दोन्ही टोकं लागतात. तोही सरांचाच धडा.

म्हणजे आता विचारायला जायचं. गोदाबाईंना सांगायचं की तुमचं वाचलेलं लाकूड पुन्हा जाळा. आणि का, असं विचारलं तर?

चार दिवस सर नुसतेच भट्टीवर जाऊन पुडी घेऊन परत आले. पाचव्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. गोदाबाई चाळणी झटकत होत्या.

"काय सर, फुटाणे लई खाऊ राहिले आजकाल? दात शाबूत हायेत ना?"

"गोदाबाई, एक काम होतं." सरांनी घसा साफ केला. "भट्टीमागचा तो लेप... थोडासा, म्हणजे हातभर, खरवडला तर चालेल का?"

"आँ? तुम्हीच तर लावा म्हनले."

"हो. पण जरा प्रयोग करायचाय. वहनाचा."

"प्रयोग! या वयात?" गोदाबाईंनी झारा खाली ठेवला आणि सरांकडे रोखून पाहिलं. सरांनी लगेच नजर वाळूच्या कढईकडे वळवली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि ते काही भट्टीमुळे नव्हतं.

"लाकूड थोडं जास्त लागेल," सर पुटपुटले. "त्याचं काय असेल ते मी..."

"लाकडाचं काय घेऊन बसले?" गोदाबाई एकदम म्हणाल्या. मग हळू आवाजात, "खरं सांगू का सर, तुमचा रेडू ऐकू येईना झालाय. आधी त्या भिंतीतून बारीक बारीक यायचा. गानं कळायचं न्हाई, पन कोनीतरी हाये असं वाटायचं. लेप लावला आन् निसता माझाच झारा मला ऐकू येतो."

इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की त्या भिंतीतून ये-जा एकाच बाजूने चालते! त्यांनी पुडी घेतली, पैसे द्यायला विसरले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंत ऊन लागली. खरवडलेल्या हातभर जागेत, हलणाऱ्या विटेभोवती. सरांनी डोळे मिटले आणि ते रडले, अगदी मोकळेपणाने रडले. घरात बघायला होतं कोण? मग उठून त्यांनी रेडिओचा आवाज चांगला मोठा केला आणि त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं.

त्यानंतरचा महिना सरांच्या म्हातारपणातला सगळ्यात बरा महिना. एकदा पुडी बांधता बांधता गोदाबाईंनी विचारलं, "लागते का हो सर, ऊब?"

मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यातलं एक समोरच्या ओट्यावरचं. सर म्हणाले, "निरीक्षणं चालू आहेत."

"बरं, चालू द्या," गोदाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

घरी येईपर्यंत सर स्वतःवर चरफडले. निरीक्षणं! अरे, लागते म्हणायला काय जीभ झडली असती? उद्या सांगू, त्यांनी ठरवलं. उद्या गिऱ्हाईक नसताना जाऊ आणि सरळ सांगू की लागते, फार लागते.

पण दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक होतं, तिसऱ्या दिवशी सरांना सर्दी झाली, आणि माणसाचं उद्या असंच असतं.

संक्रांतीच्या आधी थंडीची लाट आली. पहाटे बागांवर धूर साचलेला, नळाला बर्फ. सर दिवसभर बाहेर पडले नाहीत, सकाळपासूनच रेडिओ मोठ्याने लावून घरात बसले. दुपारी नेमाप्रमाणे पोत्यावर बसले. भिंत ऊन होती, नेहमीपेक्षा थोडी जास्तच, कारण सणासाठी गोदाबाईंनी पहाटे लवकर भट्टी पेटवली असणार. रेडिओवर जुनी गाणी लागली होती. सरांनी आवाज आणखी वाढवला. ऐकू दे बाईंना. पाठीला ऊब, कानात गाणं. सरांना तिथेच डुलकी लागली. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती आणि भिंत अजून ऊनच होती. आहेत बाई, ते मनात म्हणाले. आज सांगून टाकू. थोडं आवरतो आणि जातो.

एवढ्यात दार वाजलं. हर्षल होता. चेहरा पांढराफटक.

"सर, गोदाकाकूंकडे फुटाण्यांची ऑर्डर होती, न्यायला आलो. दार नुसतं लोटलेलं. त्या... सर, तुम्ही या जरा."

गोदाबाई भट्टीशेजारी भिंतीला टेकून बसलेल्या होत्या, त्या खरवडलेल्या जागेशी. पहिला घाणा निघून चाळणीवर पडला होता, पार थंडगार. भट्टीत राख. झारा हाताजवळ पडलेला.

डॉक्टर आले, बघितलं. "झालेत बरेच तास. सकाळीच कधीतरी. आठ-नऊ वाजता."

"शक्य नाही," सर म्हणाले.

"सर..."

"शक्यच नाही! दुपारभर भिंत गरम होती. आत्ता, आत्ता उठलोय मी तिथून. त्या होत्या. मी..."

आणि मग सर थांबले. भिंत आत्ताचं सांगत नाही. ती सकाळचं सांगते. परीक्षेला येतं.

"लगेच कुणाला कळलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले, आणि सरांच्या तोंडाकडे बघून त्यांनी वाक्य सोडून दिलं. "असं सांगता येत नाही म्हणा. कदाचित काही उपयोग झालाही नसता."

पण सरांना ते वाक्य पुरतं ऐकू आलं होतं. बाईंनी हाक मारली असेल का? झारा आपटला असेल का भिंतीवर? मारलीही असेल. इकडे रेडिओ चालू होता, त्यांच्यासाठीच मोठा केलेला. दार वाजवायला दहा पावलं पुरली असती. दहा पावलांऐवजी सरांनी पाठ टेकून शेजारधर्म केला होता.

सिन्नरहून पुतण्या यायला वेळ होता. गल्लीतल्या बायका जमल्या, कितीतरी दिवसांनी दारं उघडली. सर घरी आले. त्यांनी भिंतीला हात लावला. ऊब होती, पण उतरत चाललेली. पलीकडे आता भट्टी नव्हती; भिंतीत सकाळचं जे काही शिरलं होतं तेवढंच हळूहळू इकडे येत होतं. आणखी दोन-तीन तास, की संपलं.

सरांनी दोन्ही हातांनी ती हलणारी वीट धरली. माती ठिसूळ होती, वीट सुटून आली. आतल्या अंगाने ती चांगलीच ऊन होती. मांजराचं पिल्लू उचलावं तशी सरांनी ती उचलली आणि तो डबा उघडला. आधी एक बाजू. मग दुसरी. लेप सदऱ्यावर सांडत होता. चार कडा, वरचं अंग, खालचं अंग. सहाही बाजू झाल्या आणि दहा मिनिटांत लेप बसला. सरांनी वर हात ठेवला. गरम नाही, गार नाही. काहीच नाही.

पण आत होतं. गोदाबाईंनी शेवटची पेटवलेली भट्टी आत होती, आणि सरांना पदार्थविज्ञान कळत असेल तर ती तिथून कुठेही जाणार नव्हती.

ती वीट मग मालतीबाईंच्या फोटोखालच्या फळीवर राहिली. गोदाबाईंच्या दाराला कुलूप लागलं. गल्लीची दारं तेराव्यापर्यंत उघडी होती, मग पुन्हा बंद झाली. सर रोज विटेवर हात ठेवायचे आणि रोज त्यांना आपल्याच तळहाताची ऊब परत मिळायची. कितीदा तरी त्यांनी पत्र्याचा तुकडा हातात घेतला आणि खाली ठेवला. कारण उष्णतेचा कायदा मोठा निर्दय आहे. ऊब हाताला लागते याचाच अर्थ ती विटेतून निघाली. लागली नाही तोवरच ती शिल्लक. डब्यातला लेप त्या रात्री झाकण लावायचं राहिल्याने दगड झाला होता; नव्या लेपाचा डबा मागायला सर हर्षलकडे गेले नाहीत. एकदा खरवडलं की परत झाकायचं नाही, असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं.

ऋजुता म्हणाली, "बाबा, आता इकडे या ना. एकटे काय करता तिथे?"

"येतो गं. हिवाळा संपू दे."

वर्ष झालं. पुतण्याने कुलूप उघडून वर्षश्राद्ध केलं. माणसं जेमतेम सात-आठ. भट्टी पाडून त्याने तिथे ओटा बांधला होता. निघताना त्याने प्रत्येकाच्या हातात फुटाण्यांचं एक पाकीट ठेवलं, "काकूची आठवण." कारखान्याचं पाकीट. सरांनी गल्लीतच फोडून एक दाणा तोंडात टाकला. खुसखुशीत होता, चवीलाही वाईट नव्हता. गार होता.

घरी येऊन सर फळीसमोर उभे राहिले. बाहेर थंडी मी म्हणत होती आणि घरात ती कुठेच नव्हती. फळीवर ती वीट, सहाही बाजूंनी बंद, आतून ऊन आणि बाहेरून कशालाच न लागणारी. सरांना एकदम वाटलं, हे तर आपण त्या बाईंचं आपल्या गल्लीसारखंच करून ठेवलं. जिने आपल्यासाठी लाकूड जास्त जाळलं तिची ऊब आपण बासनात बांधून ठेवली. कशासाठी? ठेवायला का दिली होती तिने?

सरांनी पत्र्याचा तुकडा घेतला आणि एक बाजू खरवडली. पूर्ण बाजू, कोपऱ्यापर्यंत. मग भिंतीतल्या त्या खिंडारात वीट बसवली, उघडी बाजू आपल्याकडे करून. पोत्याची घडी घातली, वर चादर. रेडिओ लावला नाही. बसले आणि मागे टेकले.

आधी काहीच नाही. मग पाठीला, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, ऊन लागलं. वर्षापूर्वीच्या पहाटेचं. त्यांचं स्वतःचं नव्हे.

"लागते, गोदाबाई," सर म्हणाले. गल्लीत कुणाला ऐकू जाईल न जाईल, त्यांनी आवाज दबका ठेवला नाही. "लागते बरं का. फार लागते."

आणि वीट गार होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.